सिनेमा कंपनीच्या लोगोचा इतिहास कसा लिहावा

तुतारी फुंकणारी स्त्री दिसली की प्रभात आणि सिंहाने डरकाळी फोडली की एमजीएम, इतपत ओळख बहुतेक सिनेमावेड्यांना असते. पण तो सिंह किती वेळा बदलला, तुतारी ऐकू कधीपासून यायला लागली, अमुक कंपनीच्या नावाखालची बारीक ओळ कोणत्या साली आली, असं विचारलं की गाडी अडते. एखाद्या निर्मिती संस्थेच्या पडद्यावरच्या लोगोंचा इतिहास कोणालाही घरबसल्या लिहिता येतो. त्याला वेळ लागतो, चिकाटी लागते आणि थोडा संशयी स्वभाव लागतो. शेवटचा गुण सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपण जी प्रत पाहत असतो तीच अनेकदा थाप मारत असते.

आधी कंपनीची कुंडली मांडा

लोगो पाहायला बसण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात कंपनीची स्थापना, नावात झालेले बदल, विलीनीकरणं आणि मालक बदलले ती वर्षं. दुसऱ्यात तंत्र: बोलपट कधी, रंग कधी, रुंद पडदा कधी, संगणकावर तयार केलेलं चित्र कधी. लोगो बदलतो तो बहुतेक वेळा या दोनांपैकी एका रकान्यातल्या घडामोडीमुळे. जुना पाहून कंटाळा आला म्हणून कोणी बदलला, असं क्वचितच घडतं.

फॉक्सचंच बघा. १९३३ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी पिक्चर्स निघाली. प्रकाशझोतांमधली ती भव्य अक्षरं आणि आल्फ्रेड न्यूमन यांची धून तेव्हाची. १९३५ मध्ये फॉक्स फिल्म तिच्यात मिसळली, तेव्हा मांडणी तीच राहिली आणि फक्त नाव बदललं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं. त्याचंही नाव पडद्यावर झळकवायचं होतं, मग धुनेला न्यूमन यांचाच आणखी एक तुकडा जोडला गेला. १९९४ मध्ये सगळं दृश्य संगणकावर नव्याने उभं राहिलं, आणि कंपनी डिस्नेकडे गेल्यावर २०२० मध्ये ‘फॉक्स’ हा शब्दच गळाला. रकाने भरलेले असले की कोणत्या वर्षांच्या आसपास बारकाईने पाहायचं ते आधीच कळतं.

कुंडलीचा दुसरा उपयोग म्हणजे अशक्य गोष्टी बाद करता येतात. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली ती मूकपटांनी. तिचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. म्हणजे तुतारीचं चित्र कधीचंही असो, पडद्यातून येणारा तिचा आवाज १९३२ च्या मागे नेताच येत नाही. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत निघाला होता. अशा कंपनीच्या बाबतीत एकच आवृत्ती पाहून निकाल देऊ नये. दोन्हींच्या पाट्या वेगवेगळ्या तपासाव्यात.

वर्धापनदिनाच्या लोगोंपासून मात्र सावध राहा. युनिव्हर्सलने १९९० मध्ये पंचाहत्तरीचा लोगो आणला आणि २०१२ मध्ये शंभरीचा. म्हणजे बावीस वर्षांत कंपनी पंचवीस वर्षांनी थोर झाली! खुलासा सोपा आहे. पंचाहत्तरी मोजली ती १९१५ साली उघडलेल्या युनिव्हर्सल सिटी या स्टुडिओची, आणि शंभरी १९१२ साली स्थापन झालेल्या कंपनीची. लोगोवरच्या आकड्यावरून उलट गणित करून स्थापनेचं साल लिहिलं असतं तर चुकलंच असतं.

मग चित्रपटांची यादी

कंपनीच्या सगळ्या चित्रपटांची सालवार यादी करा आणि प्रत्येक वर्षातले दोन-तीन तरी निवडा. निवडताना एक कृष्णधवल आणि एक रंगीत असेल असं पाहा. एमजीएमच्या दोन सिंहांबाबत याच कारणाने चूक होते: १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५६ पर्यंत कृष्णधवल चित्रपटांवर जॅकी नावाचा सिंह होता, आणि टेक्निकलर म्हणजे रंगीत चित्रपटांवर टॅनर. दोघे जवळपास वीस वर्षं शेजारीशेजारी नांदले. ज्याने फक्त कृष्णधवल चित्रपट पाहिले त्याच्या इतिहासात टॅनर नसणारच. एका लोगोने दुसऱ्याची जागा घेतली, हे गृहीतच सोडून द्यायला हवं.

लघुपट, कार्टून आणि जाहिरातीचे ट्रेलर यांची यादी वेगळी ठेवा. त्यांचे नियम वेगळे असतात आणि ते मुख्य यादीत मिसळले की गोंधळ होतो.

प्रत पारखून घ्या

कामाचा खरा भाग इथे आहे. चित्रपट १९४० चा असला म्हणून त्याच्या सुरुवातीला दिसणारा लोगो १९४० चाच असेल असं नाही. हक्क विकले जातात, नवीन मालक व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडी काढताना जुना लोगो कापतो आणि आपला चिकटवतो. लोगो गोळा करणारी मंडळी याला ‘प्लास्टरिंग’ म्हणतात. भिंतीवरचं जुनं चित्र गिलाव्याखाली जावं तसंच ते आहे. १९५८ साली एमसीए या अमेरिकी मनोरंजन कंपनीने पॅरामाउंटचे १९५० पूर्वीचे शेकडो बोलपट विकत घेतले आणि ते पुढे युनिव्हर्सलकडे आले. त्यामुळे त्या काळातल्या पॅरामाउंटच्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर आधी युनिव्हर्सलचा पृथ्वीगोल फिरताना दिसला तर दचकायचं कारण नाही. तो लोगो त्या चित्रपटाच्या नव्हे, त्या डीव्हीडीच्या काळाचा आहे.

गिलावा ओळखायचा कसा? लोगो संपून श्रेयनामावली सुरू होते त्या सांध्यावर थांबा आणि मागेपुढे करून पाहा. जुन्या प्रतीत चित्र किंचित हलत असतं, धुळीचे ठिपके आणि उभे ओरखडे असतात, फिल्मचा दाणा जाड असतो. लोगो खडकासारखा स्थिर आणि स्वच्छ, आणि पुढच्याच फ्रेमपासून हे सगळं सुरू, असं दिसलं की समजायचं. मग डोळे मिटून तोच सांधा ऐका. जुन्या ध्वनिपट्टीला एक बारीक खरखर असते. ती लोगोवर नाही आणि नंतर एकदम सुरू होते, म्हणजे जोड आहे. कधीकधी उलटंही सापडतं: चित्र नवं चिकटवलेलं, पण त्याखाली धून जुनीच चालू. अशी प्रत सोन्यासारखी जपा, कारण मूळ लोगो तिथे होता याचा तो पुरावा आहे, आणि धुनेवरून तो कोणता हेही बरेचदा सांगता येतं. चित्राची रुंदी लोगोपाशी एक आणि चित्रपटापाशी दुसरी असली तरी संशय घ्यावा.

एकाच चित्रपटाच्या एकाच काळातल्या दोन प्रतीही वेगळ्या असू शकतात. मेहबूब प्रॉडक्शन्सच्या चिन्हात विळा-हातोडा होता. १९५७ च्या ‘मदर इंडिया’ची ऑस्करसाठी जी प्रत गेली तिच्यातून हे चिन्ह काढून टाकलं होतं. अमेरिकेतली प्रत पाहून कोणी ‘या चित्रपटाला लोगो नाही’ असं लिहिलं, तर तो खोटं बोलत नसेल, पण इतिहासही लिहीत नसेल.

तिसरा चकवा म्हणजे मुद्दाम वापरलेला जुना लोगो. वॉर्नर ब्रदर्सचा सॉल बास यांनी रेखाटलेला तो गोलसर ‘डब्ल्यू’ १९७२ ते १९८४ या काळातला. २०१२ च्या ‘आर्गो’च्या सुरुवातीला तो पुन्हा दिसतो, कारण कथा १९७९-८० मध्ये घडते. अशा वापराला मुख्य कालखंडात धरू नये, वेगळ्या टिपेत टाकावं. कथेच्या रंगात रंगवलेले लोगोही तिथेच. १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये वॉर्नरची ढाल हिरवी होते, म्हणून त्या वर्षी कंपनीने रंग बदलला असं कोणी म्हणणार नाही.

भारतीय चित्रपटांत आणखी एक दुवा हाताशी असतो: सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र. आपण प्रेक्षागृहात त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, पण इथे ते थांबवून शब्दन्‌शब्द वाचावं. त्यावर तारीख असते. मात्र ती त्या आवृत्तीला प्रमाणपत्र मिळालं तेव्हाची असते. डब केलेल्या आवृत्तीला वेगळं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा प्रमाणपत्राची तारीख आणि प्रदर्शनाचं साल यांत फार अंतर दिसलं तर लोगोही नंतरचा असण्याची शक्यता धरून चाला.

फ्रेम-फ्रेम पाहणं

व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ हे बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. पहिली फ्रेम, अक्षरं पूर्ण उमटतात ती फ्रेम आणि शेवटची फ्रेम, अशी तीन चित्रं तरी जतन करा. लोगो कसा संपतो तेही लिहा: काळोखात विरतो, थेट कापला जातो, की पुढच्या दृश्यात मिसळतो.

सगळ्यात जास्त माहिती देते ती नावाखालची बारीक ओळ, म्हणजे मालकाचं नाव. युनिव्हर्सलचा पृथ्वीगोल दिसायला तोच असला तरी खाली ‘ॲन एमसीए कंपनी’ आहे की ‘अ कॉमकास्ट कंपनी’, यावरून काळ कित्येक वर्षांनी सरकतो. कुंडलीतला मालकांचा रकाना इथे कामी येतो. जुन्या कॅसेटवरून केलेल्या प्रतीत ही ओळ पुसट असते किंवा चौकोनी टीव्हीसाठी कडा छाटताना निम्मी गेलेली असते; मग ती वाचल्याचा आव आणू नये.

हॉलिवूडच्या चित्रपटांत शीर्षकाच्या पाटीखाली स्वामित्वहक्काचं साल रोमन आकड्यांत असतं. एमसीएमएक्सएक्सएक्सआयएक्स म्हणजे १९३९. हे साल आणि प्रदर्शनाचं साल एकच असेल असं नाही, तेव्हा दोन्ही लिहा.

लांबी मोजताना एक गोष्ट ध्यानात असू द्या, नाहीतर दोन प्रती पाहून दोन लोगो असल्याचा भास होईल. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पाल या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीतल्या डीव्हीडीसाठी तो सहसा सेकंदाला २५ फ्रेमने पळवला जातो. म्हणजे सुमारे चार टक्के वेग वाढतो: २४ सेकंदांची धून २३ सेकंदांत संपते, आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने वर चढतो. तयार कानाला ही वेगळ्या वाद्यवृंदाने वाजवलेली नवी धून वाटू शकते. शंका आली की सेकंद मोजण्याऐवजी एकूण फ्रेम मोजा. त्या दोन्हीकडे सारख्याच येतील.

आवाजाची नोंद स्वतंत्र ठेवा

चित्र तेच ठेवून धून बदलणं आणि धून तीच ठेवून चित्र बदलणं, दोन्ही सर्रास चालतं. युनिव्हर्सलची जेरी गोल्डस्मिथ यांची १९९७ ची धून २०१२ च्या नव्या पृथ्वीगोलाबरोबरही राहिली. ब्रायन टायलर यांनी ती नव्याने बांधली इतकंच. एमजीएमच्या सिंहाची डरकाळी १९२८ साली प्रथम ऐकू आली ती ग्रामोफोनच्या तबकडीवरून. त्याआधीचा स्लॅट्स हा सिंह बिचारा मूकच.

आवाज आणि चित्र एकाच जागचे असतील असंही समजू नका. ब्रिटनच्या रँक कंपनीच्या लोगोत एक धिप्पाड माणूस प्रचंड घंटेवर टोला हाणतो. ती घंटा धातूची नव्हतीच, देखाव्यापुरती बनवलेली होती. खरा नाद जेम्स ब्लेड्स या तालवादकाने वेगळ्या वाद्यावर काढला.

दंतकथांचं काय करायचं

टाकून देऊ नका, पण ‘असं सांगतात’ या मथळ्याखाली कोंडून ठेवा. पॅरामाउंटचा डोंगर डब्ल्यू. डब्ल्यू. हॉडकिन्सन यांनी बैठकीत बसल्या-बसल्या कागदावर खरडला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि डोंगर नेमका कोणता यावर लोक आजही भांडतात. कोलंबियाच्या मशालवाल्या स्त्रीचंही तसंच. सध्याचं चित्र मायकेल डीस यांनी १९९२ मध्ये रंगवलं. ती अमुक नटी आहे अशी वावडी बराच काळ फिरली. प्रत्यक्षात चित्रासाठी उभी राहिली होती ती न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्रात काम करणारी ग्राफिक आर्टिस्ट. ही माहिती खुद्द चित्रकाराकडून आली म्हणून ती मुख्य मजकुरात जाते. सांगणारा त्या वेळी तिथे होता का, एवढी एक कसोटी लावली तरी निम्म्या दंतकथा आपोआप बाजूला होतात.

नोंद लिहिताना

प्रत्येक लोगोला एक टोपणनाव द्या, म्हणजे तपशिलात हरवायला होत नाही. मग वर्णन, धून, लांबी, पोटभेद आणि सापडल्याची ठिकाणं. ‘पहिला वापर’ असं सहसा लिहू नये. ‘सर्वात आधीचा आढळ’ आणि ‘सर्वात शेवटचा आढळ’ असं लिहावं, आणि प्रत्येकापुढे प्रत नमूद करावी: सिनेमागृहातली रिळं, कॅसेट, डीव्हीडी, टीव्हीवरचं प्रक्षेपण की अधिकृत चॅनलवरची फीत. दोन कालखंडांत मोकळी जागा राहिली तर राहू द्या. ती बुजवण्यासाठी अंदाजाने साल वाढवलं की पुढचा माणूस तेच साल उतरवून घेतो, आणि काही दिवसांनी आपलाच अंदाज आपल्यासमोर पुरावा म्हणून येतो.

नवी प्रत हाती आली की आधीची नोंद खोडू नका. तिच्याखाली तारीख घालून नवा आढळ जोडा, आणि दोन्ही प्रती एकाच वेळी शेजारी लावून त्या सांध्यापासून पुन्हा बघा.