हार्प शिकताना या चुका टाळा

हार्पमधून पहिल्या दिवशीच गोड आवाज निघतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. व्हायोलिन निदान किंचाळून सांगतं की काहीतरी चुकतंय. हार्प सांगत नाही. कशाही बोटानं छेडलेली तार कानाला बरीच लागते, म्हणून चुकीची सवय महिनोन्महिने हातात मुरत जाते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तार छेडल्यावर बोट हवेत तसंच ताठ सोडणं. बोट छेडून तळहातात मिटायला हवं. अंगठा मिटताना तर्जनीवर येऊन टेकतो. आवाजातला भरीवपणा या मिटण्यातून येतो आणि हातावरचा ताणही प्रत्येक सुरानंतर उतरतो. तार छेडायच्या वेळी अंगठा मात्र वर उभा हवा आणि बाकीची बोटं खाली झुकलेली. अंगठा खाली पडला की तो इतर बोटांच्या वाटेत येतो. करंगळी वापरायचीच नाही, ती आखूड पडते. त्यामुळे हार्पच्या नोटेशनमध्ये बोटांचे आकडे 1 ते 4 एवढेच असतात. पियानो वाजवून आलेल्यांचा हात इथे हमखास 5 शोधतो.

कोपर किती उचलायचं, उजवं मनगट लाकडाला टेकवायचं का, यावर फ्रेंच आणि साल्झेडो या दोन पद्धतींचं जमत नाही. कुठलीही एक धरा. आज या पद्धतीचा व्हिडिओ, उद्या त्या पद्धतीचा, असं केलंत तर खांदेच दुखतील.

दुसरी चूक: एकेक सूर वाजवून पुढची तार शोधत बसणं. चार सूर ओळीनं चढत असतील तर चारही बोटं आधीच तारांवर ठेवायची, मग एकेक सोडायचं. पुढे सरकताना शेवटचं बोट तारेवर असतानाच बाकीची बोटं नव्या जागी पोहोचली पाहिजेत. नजर चुकत असेल तर रंगांचा आधार घ्या. सीच्या तारा लाल असतात, एफच्या काळ्या किंवा निळ्या.

‘तार झणझणते’ ही तक्रार आली की मी आधी एकच विचारते: एकाच तारेवर, की कुठेही? कुठेही होत असेल तर दोष हाताचा. आधीच्या सुरानं अजून थरथरणाऱ्या तारेवर बोट हळूच, घाबरत टेकवलं की ती करकरते. बोट झटकन आणि नेमकं ठेवा, नखंही कापा. एकाच तारेवर होत असेल तर वाद्य तपासा. लिव्हर, म्हणजे तारेचा सूर अर्ध्यानं चढवणारी वरची छोटी कळ, अर्धवट लागलाय का? पेडल हार्प असेल, म्हणजे हेच काम पायानं होत असेल, तर पेडल खाचेत नीट बसलंय का? गाठीचं टोक लाकडाला घासतंय का?

सूर लावणं हे रोजचं काम आहे. नव्या तारा ताणत राहतात, त्या कितीतरी दिवस उतरणारच. त्यात वाद्याचा दोष नाही. लिव्हर हार्प बहुतेकदा ई फ्लॅट मेजरमध्ये लावतात, म्हणजे सगळे लिव्हर खाली असताना बी, ई आणि ए या तारा फ्लॅट, अर्ध्या सुरानं उतरलेल्या. हे ठाऊक नसलेला माणूस ट्यूनरवर साधा ई दिसेपर्यंत तार पिळत बसतो.

आणि खुंटी फिरवताना तार छेडत राहा. सूर बदलत नसेल तर तिथेच थांबा, तुम्ही शेजारची खुंटी फिरवताय. मी थांबले नव्हते. ट्यूनरचा काटा हलेना म्हणून आणखी पिळलं आणि शेजारची तार फाट्‌दिशी तुटली. तेव्हापासून एक जादा संच पेटीत असतो.