शॉर्टस्टॉपचे चार सेकंद : बेसबॉलमध्ये इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) होऊ पाहणाऱ्यांसाठी

बॅटरने ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा फटका) मारला आणि तो पळत सुटला की पहिल्या बेसवर पोचायला त्याला साधारण ४.३ सेकंद लागतात. हा मेजर लीगमधल्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरच्या) उजव्या बॅटरचा सरासरी हिशेब. डावखुरा मुळात पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे तो ४.२ मध्ये पोचतो. खरा चपळ असेल तर ४ च्या आत. आता शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूच्या) बाजूने अंदाजे मांडणी करा : चेंडू तुमच्यापर्यंत यायला १.८ सेकंद, ग्लोव्हमधून काढून हातातून सुटेपर्यंत १ सेकंद, आणि ताशी ८० मैलांच्या आसपासच्या वेगाने १२० फुटांचा थ्रो म्हणजे १.१ सेकंद. बेरीज ३.९. शिल्लक चार दशांश सेकंद. एक पाऊल जास्त पडलं किंवा चेंडू बोटांत नीट बसला नाही, की ती शिल्लक गेली. त्यात २०२३ पासून मेजर लीगमधले बेस १५ इंचांऐवजी १८ इंचांचे झाले आणि पहिला बेस बॅटरच्या ३ इंच जवळ आला.

म्हणून शिकायला सुरुवात हातांपासून नको, पायांपासून करा. पिचर चेंडू सोडतो तेव्हा दोन छोटी पावलं, उजवं मग डावं, आणि चेंडू बॅटच्या टप्प्यात शिरतो नेमक्या त्या क्षणी दोन्ही पाय हलकेच टेकलेले. पाय आधीच टेकले तर वजन टाचांवर जातं आणि पहिलं पाऊल उचलायला उशीर होतो. उशिरा टेकले तर फटका बसतो तेव्हा तुम्ही हवेत असता. हे दिसायला क्षुल्लक वाटतं, पण नवशिक्यांचे निम्मे चेंडू इथेच सुटतात आणि दोष मात्र ग्लोव्हला दिला जातो. प्रत्येक पिचआधी मनात तीन गोष्टी पक्क्या हव्यात : आउट किती, रनर कुठे, बॅटर किती वेगाने पळतो. चेंडू हातात आल्यावर विचार करायला वेळ नसतो.

चेंडूवर जाताना सरळ रेषेत धावू नका. किंचित उजवीकडून वळसा घालून या, म्हणजे धरतानाच तुमचं वजन पहिल्या बेसच्या दिशेने निघालेलं असतं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, डावा पाय थोडा पुढे, ग्लोव्ह आधीच जमिनीला लागलेला आणि शरीरापासून पुढे. ग्लोव्ह खालून वर न्यायचा, वरून खाली कधीच नाही. चेंडू वर उसळला तर हात सहज वर जातो. खाली राहिला तर वर असलेला हात वेळेत खाली येत नाही.

इथे आपल्याकडच्या मुलांची क्रिकेटची सवय आड येते. लाँग बॅरियरमध्ये गुडघा टेकून चेंडू अडवतात. चौकार वाचवायला ते उत्तम, पण टेकलेल्या गुडघ्यावरून उठायलाच अर्धा सेकंद जातो. उघड्या हातांनी धरताना हात मागे घेऊन धक्का जिरवायची सवयही सोडावी लागते, कारण ग्लोव्ह पुढे नेऊनच चेंडूला भेटायचं असतं. टप्प्याची जाण मात्र क्रिकेटमधून येताना बरोबर येते आणि ती मोलाची आहे. जमिनीवरून उठताक्षणी किंवा उसळीच्या माथ्यावर चेंडू धरायचा. मधला टप्पा सगळ्यात वाईट, तिथे भल्याभल्यांचे हात चुकतात. मधल्या टप्प्यात सापडायला लागलात तर एक पाऊल पुढे टाका किंवा एक मागे घ्या. जागेवर उभं राहून चेंडूला ठरवू देऊ नका.

महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांतून सॉफ्टबॉल खेळलेल्यांना पायांची ही हालचाल बरीचशी ओळखीची वाटेल. फरक अंतराचा आहे. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, बेसबॉलमध्ये ९० फुटांवर. चेंडूही लहान : सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, बेसबॉलचा सव्वानऊ इंचांच्या आत. त्यामुळे पकड नव्याने बसवावी लागते. चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात. घोड्याच्या नालेसारखी जी शिवण दिसते तिला आडवी दोन बोटं आली की चेंडू सरळ जातो. बोटं शिवणीला समांतर पडली तर तोच थ्रो शेवटच्या काही फुटांत बाजूला वळतो आणि पहिल्या बेसवरच्या खेळाडूला बेस सोडून ताणावं लागतं. न बघता ही पकड सापडावी म्हणून टीव्ही बघताना, गप्पा मारताना चेंडू ग्लोव्हमध्ये टाकून काढत राहा. दिवसाला शंभर वेळा केलं तरी जास्त नाही.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. डाव्या हाताने थ्रो करणाऱ्याला व्यावसायिक पातळीवर इनफिल्डमध्ये बहुधा पहिला बेसच मिळतो. दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून किंवा शॉर्टस्टॉपवरून पहिल्या बेसकडे फेकताना त्याला अंग फिरवावं लागतं, आणि शिल्लक चार दशांशांची आहे हे वर सांगितलंच.

ग्लोव्ह घेताना मोठा तो चांगला असं समजू नका. दुसऱ्या बेससाठी ११.२५ ते ११.५ इंच, शॉर्टस्टॉपला ११.५ ते ११.७५, तिसऱ्या बेसला ११.७५ ते १२. खोल खिशात चेंडू हरवतो, उथळ खिशातून लगेच सापडतो. तिसऱ्या बेसवर फटके जोरात येतात म्हणून तिथे थोडी खोली चालते. नवा ग्लोव्ह मऊ करायला मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनमध्ये ठेवणारे लोक आहेत. त्याने चामड्याचं तेल उडतं आणि दोऱ्या तुटतात. तेलही फार चोळू नये, ग्लोव्ह जड होतो. लाकडी हातोडीने खिशाच्या जागी ठोका, रोज त्यातच झेल घ्या, तीन-चार आठवड्यांत तो हाताला येतो.

सरावाचं एक उदाहरण घ्या, कारण ते फुकटात होतं. दोघांनी १२ फुटांवर समोरासमोर दोन्ही गुडघे टेकून बसायचं. एकाने चेंडू दुसऱ्याच्या ग्लोव्हच्या वीतभर आधी टप्पा पडेल असा टाकायचा : दहा समोर, दहा ग्लोव्हच्या बाजूला, दहा उलट्या हाताला. पाय बाद केल्यामुळे फक्त हात आणि नजर शिल्लक राहते. प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन तळव्याएवढे छोटे ग्लोव्ह घालून असेच सराव घेण्यासाठी ओळखले जातात. मार्कस सेमियनने २०१५ मध्ये ओकलंड संघाकडून शॉर्टस्टॉपवर ३५ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) केले. त्याच हंगामात वॉशिंग्टन तिथे आले आणि रोज त्याच्याबरोबर बसले. २०२१ मध्ये सेमियनने दुसऱ्या बेसवर गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवला. एररच्या आकड्यांनी धीर सोडणाऱ्यांनी डेरेक जीटरचं १९९३ सालही लक्षात ठेवावं : मेजर लीगच्या खालच्या सिंगल-ए पातळीवर एका हंगामात ५६ एरर. त्याच्या यँकीज संघाने त्याला शॉर्टस्टॉपवरून हलवलं नाही.

मैदानाकडेही बघायला शिका. प्रत्येक डावाआधी आपल्या समोरची आठ-दहा फूट माती बुटाने सारखी करा, खडे वेचून बाजूला टाका, ओल किती आहे ते पायाने दाबून बघा. कोरड्या मातीवर चेंडू उंच आणि वेगाने येतो, ओल्यावर मरतो. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे गवत आणि मातीची सीमा. तिथे माती साचून बारीक उंचवटा होतो आणि सरळ येणारा चेंडू तोंडावर उसळतो.

डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोन आउट) घाई नडते. पहिला आउट नक्की करा, दुसरा मिळाला तर मिळाला. बेसपासून दहा-बारा फुटांच्या आत असाल तर मनगट न मोडता खालून चेंडू द्या, ग्लोव्ह आधीच बाजूला काढा म्हणजे समोरच्याला चेंडू दिसतो. चेंडू त्याच्या छातीशी, फेकणाऱ्या हाताच्या बाजूला. पूर्वी चेंडू घेणाऱ्याचा पाय बेसच्या नुसता आसपास असला तरी पंच आउट देत. २०१६ पासून तो पाय रिव्ह्यूमध्ये तपासता येतो. त्याच वर्षी रनरने बेस सोडून खेळाडूच्या पायांवर घसरण्यालाही बंदी आली.

फार वेळ असलेला थ्रोही बिघडतो. चक नॉब्लॉकने १९९७ मध्ये दुसऱ्या बेसवर गोल्ड ग्लोव्ह घेतला. १९९९ पासून त्याचा पहिल्या बेसवरचा साधा थ्रो ढासळला आणि २००१ मध्ये त्याला लेफ्ट फील्डला जावं लागलं. सोप्या चेंडूवरही पाय थांबू देऊ नका, यावर सगळ्यांना जमण्यासारखा उपाय हाच.

आता पोटापाण्याचं. अमेरिका, कॅनडा किंवा पोर्तो रिकोत राहणारा खेळाडू ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून) येतो. २०२१ पासून त्यात २० फेऱ्या आहेत. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी घरातल्या मुलालाही हाच रस्ता : हायस्कूल संपल्यावर, किंवा चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तिसऱ्या वर्षानंतर अथवा २१ व्या वर्षी. भारतात राहणारा मुलगा १६ पूर्ण झाल्यावर आंतरराष्ट्रीय करार करू शकतो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले ते पिचर म्हणून. हाताचा वेग यंत्रावर मोजता येतो, इनफिल्डरचे पाय वर्षानुवर्षं ग्राउंडर घेऊनच तयार होतात, म्हणून त्याला कमी वयात सुरुवात हवी.

करार झाल्यावर मेजर लीगपर्यंत खालून वर कॉम्प्लेक्स, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशी शिडी. २०२३ च्या करारात किमान वार्षिक वेतन कॉम्प्लेक्सला १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर ठरलं. मेजर लीगचं किमान २०२५ मध्ये ७,६०,०००. दरी किती खोल आहे ते दिसतंच. वर गेल्यावर १७२ दिवसांचं एक सेवावर्ष मोजतात. साधारण तीन वर्षांनी पगाराचा लवाद (पगारावर एकमत नसेल तर त्रयस्थाकडून निवाडा), सहा वर्षांनी मोकळा करार, म्हणजे हव्या त्या संघाशी.

आणि वर टिकायचं असेल तर २६ जणांच्या संघाचं गणित समजून घ्या. जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे बहुतेक वेळा उरतात १३. त्यातले नऊ रोज खेळतात, बाकावर चार. त्या चारांत एक कॅचर असतो, एक-दोन आउटफिल्डर. म्हणजे राखीव इनफिल्डरला बहुधा एकच जागा, आणि ती दुसरा, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप तिन्ही सांभाळणाऱ्याला मिळते. २०२२ पासून अशा खेळाडूसाठी स्वतंत्र गोल्ड ग्लोव्ह आहे. वयाबरोबर पहिलं पाऊल मंदावतं तेव्हाही हेच कामी येतं. सलग २,६३२ सामने खेळलेला कॅल रिपकेन १९९७ मध्ये शॉर्टस्टॉपवरून तिसऱ्या बेसवर गेला, अर्नी बँक्स १९६२ मध्ये पहिल्या बेसवर. म्हणून किशोरवयात शॉर्टस्टॉपच खेळा, तिथून बाकी जागांवर जाणं सोपं, उलट फार अवघड. पिशवीत मात्र रोजच्या ग्लोव्हबरोबर पहिल्या बेसचा मिटही (तिथला खास ग्लोव्ह) मऊ करून तयार ठेवा. कोच विचारतो तेव्हा नव्या कडक मिटने थ्रो धरता येत नाहीत.