चार पंखांचं सॉल्टबुश ओळखायचं कसं, आणि त्यातला नर-मादीचा घोळ

अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटाकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. सॉल्टबुश म्हणजे तिकडच्या माळावरचं खारट पानांचं एक झुडूप. 'राखाडी झुडूप दिसलं की सॉल्टबुश' असं कोणी सांगितलं तर ऐकूच नका, तिकडे माळावर जे दिसेल ते राखाडीच असतं.

आधी पान बघा. अरुंद, लांबट, कडा सरळ, देठ जवळपास नाहीच. पानाच्या टोकाला तीन दाते आणि चोळल्यावर उग्र वास आला तर ते सेजब्रश नावाचं दुसरंच झुडूप, पुढे चला. फांद्यांची टोकं काट्यासारखी टोचली तर शॅडस्केल, तेही आपलं झुडूप नाही.

मग पान बोटाने घासा. चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी भुकटी असते ना, तसलंच प्रकरण, दोघं एकाच कुळातले. भुकटी म्हणजे बारीक बारीक फुगे, झाड जादाचं मीठ त्यात नेऊन टाकतं, म्हणून जीभ लावली तर खारट लागतं. चघळत मात्र बसू नका, जमिनीत सेलेनियम (जास्त झालं तर विषारी ठरणारं खनिज) असेल तर हे झाड तेही ओढून घेतं.

आता खरी डोकेदुखी. सगळे सांगतात चार पंखांचं फळ शोधा, आणि ते बरोबरच आहे, फळाला चार कागदी पंख असले की विषय संपला. पण ते फक्त मादीला लागतं! नर झाडाला पिवळसर नाहीतर तांबूस फुलांचे तुरे येतात, वाऱ्यावर पराग उडाले की काम झालं, मग वर्षभर तुम्ही तिथे फळ शोधत बसा. मीही सुरुवातीला अशी कितीतरी झाडं 'हे नाही' म्हणून सोडून दिलीत. त्यामुळे एकाच झाडावर निकाल देऊ नका, आजूबाजूची चार-पाच बघा, मादीवर सुकलेली फळं हिवाळाभर लटकलेली असतात. आणि झाडाला 'नर' अशी पाटी तर अजिबात लावू नका, काही झाडं दुष्काळ किंवा कडाक्याच्या थंडीनंतर मादीची नर होतात, काहींवर दोन्ही फुलं एकत्र असतात.

बी घ्यायचं असेल तर आधी दोन-चार फळं ब्लेडने आडवी कापून बघा, बरीच आतून पोकळ निघतात. ताजं बी नीट रुजत नाही, दहाएक महिने कोरडं ठेवा, पंख चोळून काढा, मग पेरा. मोठं झाड उपटून आणायच्या फंदात पडू नका, मुळं 6 मीटरपर्यंत खाली गेलेली असतात.