वास्तवदर्शी रेंडरिंगमध्ये पीएच.डी. करायची असेल तर : सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरात संगणक अभियांत्रिकी किंवा एम.एस्सी. करणाऱ्या अनेक मुलामुलींचा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरवर चांगला हात बसलेला असतो आणि त्यांतल्या काहींना रेंडरिंगमध्ये, म्हणजे संगणकाने प्रकाशाचा हिशेब करून दृश्याचे चित्र तयार करण्याच्या विषयात, पीएच.डी. करावीशी वाटते. ती करता येते; मात्र त्यासाठी चित्र सुंदर दिसते एवढ्यावर न थांबता ते बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची ओढ लागावी लागते. दिव्यातून निघालेला प्रकाश वस्तूंवर आदळत, काही शोषला जात, काही विखुरत कॅमेऱ्यापर्यंत किती पोहोचतो, याचे समीकरण जेम्स काजिया यांनी 1986 मध्ये मांडले. थोडे सोपे प्रसंग सोडले तर ते नेमके सोडवता येत नाही, म्हणून संगणक यादृच्छिक मार्गांनी किरण सोडून त्यांची सरासरी काढतो. या पद्धतीत चित्रातला दाणेदारपणा निम्म्यावर आणायचा तर किरण चौपट सोडावे लागतात. ही किंमत कमी कशी करायची, या प्रश्नाभोवती या क्षेत्रातले बरेचसे संशोधन फिरत आले आहे.

म्हणून अर्जाच्या आधी किमान एक वर्ष हाताशी ठेवावे आणि त्या वर्षात स्वतःचा पाथ ट्रेसर, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे यादृच्छिक किरण सोडून चित्र काढणारा प्रोग्राम, लिहावा. मॅट फार, वेन्झेल याकोब आणि ग्रेग हम्फ्रीज यांचे ‘फिजिकली बेस्ड रेंडरिंग’ हे पुस्तक इंटरनेटवर पूर्ण आणि मोफत वाचायला मिळते. संभाव्यता, कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित यांची उजळणी करत ते क्रमाने वाचावे. महागडे ग्राफिक्स कार्ड नसले तरी अडत नाही, कारण छोट्या आकाराची चित्रे साध्या लॅपटॉपवरही रात्रभरात तयार होतात.

लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे पाहण्याची एक जुनी आणि कठोर कसोटी आहे. दृश्यात चहूबाजूंनी एकसारखा पांढरा प्रकाश ठेवावा आणि मधोमध एक गोल ठेवावा, जो त्याच्यावर आलेला सगळा प्रकाश परत पाठवतो, काहीही शोषत नाही. गणित बरोबर असेल तर गोल पार्श्वभूमीत पूर्णपणे विरून जातो. त्याची कड काळपट दिसली तर प्रोग्राम कुठेतरी ऊर्जा गमावतो आहे आणि गोल उजळ दिसला तर नसलेली ऊर्जा निर्माण करतो आहे. खडबडीत धातूच्या प्रचलित गणिती प्रतिमानांत (मॉडेल्समध्ये) पहिला दोष हमखास आढळतो, कारण सूक्ष्म उंचवट्यांमध्ये पुन्हा पुन्हा आपटणारा प्रकाश ती मोजतच नाहीत. हा दोष ज्याने स्वतःच्या चित्रात पाहून त्याचे कारण लिहून काढले आहे, त्याचा अर्ज प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा वजनदार ठरतो, असे माझे ठाम मत आहे. याच दृश्याचे मित्सुबा या मुक्त रेंडररमध्ये काढलेले चित्र शेजारी ठेवून दोन्हींतला फरक मोजावा.

विषय निवडताना सोलापूरकरांनी आपल्या गावाकडे जरूर पाहावे. कापड हा रेंडरिंगमधला अवघड आणि अजूनही खुला विषय आहे. चादरीचा तुकडा टेबलावर पसरून फोन एका जागी घट्ट बसवावा आणि दिवा न हलवता तुकडा हळूहळू फिरवावा. एका कोनात उभे धागे चमकतात, काटकोनात फिरवल्यावर चमक आडव्या धाग्यांकडे जाते आणि जॅकार्डच्या नक्षीतली फुले कधी उठून दिसतात, कधी बुजतात. टेरी टॉवेलमध्ये तर प्रकाश धाग्यांच्या वेटोळ्यांच्या जंगलात शिरून कित्येकदा विखुरल्यावरच बाहेर येतो, त्यामुळे त्याला सपाट पृष्ठभाग मानणे चालतच नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये कापडाचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढून त्यातल्या तंतूंपासून असे प्रतिमान उभे केले होते. तेवढे यंत्र हाताशी नसताना, मोजक्या छायाचित्रांवरून टॉवेलचे रूप किती अचूक वर्तवता येईल, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. मित्सुबाच्या 2022 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रावरून उलट दिशेने पृष्ठभागाचे गुणधर्म शोधण्याची सोय आहे, तिचा इथे थेट उपयोग होतो. केवळ गावाचा अभिमान म्हणून मात्र हा विषय घेऊ नये. उत्तर मिळाल्यास ते दुसऱ्या कापडांनाही लागू पडेल का, हे आधी तपासावे.

भारतात आयआयटी मुंबई, आयआयटी दिल्ली, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची ट्रिपल आयटी येथे ग्राफिक्स आणि व्हिजनवर (संगणकाने प्रतिमा ओळखण्यावर) काम चालते. संस्थेचे नाव पाहून अर्ज करू नये. मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध उघडून ते प्रकाशाच्या गणितावर आहेत की प्रतिमा ओळखण्यावर, हे पाहावे. प्रवेशासाठी गेट किंवा नेट उपयोगी पडते. नेटमधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. पात्र विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे.

परदेशात लोझानचे ईपीएफएल, प्रागचे चार्ल्स विद्यापीठ, व्हिएन्नाचे तांत्रिक विद्यापीठ, जर्मनीतले झारब्रुकेन, स्पेनमधले झारागोझा, तर अमेरिकेत डार्टमथ आणि सॅन डिएगो येथे रेंडरिंगची परंपरा आहे. युरोपात बहुधा पदव्युत्तर पदवी लागते आणि पीएच.डी. ही अनेक ठिकाणी पगारी नोकरी असते. तिच्या जागा वर्षभर निघत राहतात. अमेरिकेत पदवीनंतरही अर्ज करता येतो, त्याची मुदत साधारण डिसेंबरात संपते आणि शिक्षणाला पाच-सहा वर्षे लागतात. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये कोणत्याही देशाचा उमेदवार चालतो. मात्र ज्या देशात जायचे तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे लागते.

मार्गदर्शकांना पाठवायचे पत्र एका पानाच्या आत संपवावे. त्यांचे दोन-तीन निबंध खरोखर वाचून, त्यातल्या एकाच ठिकाणी आपल्याला काय खटकले किंवा काय पुढे नेता येईल हे लिहावे आणि खाली आपल्या कोडचा दुवा द्यावा. ‘आपल्या महान कार्याने प्रभावित झालो’ अशी वाक्ये काढून टाकावीत. शिफारसपत्रासाठी ज्या सरांनी किंवा मॅडमनी आपला प्रकल्प जवळून पाहिला आहे, त्यांनाच दोन महिने आधी विनंती करावी आणि पत्रात नमूद करण्याजोग्या कामाची टिपणे त्यांच्या हाती द्यावीत, कारण महाविद्यालयात ग्राफिक्स बहुतेक रेषा आणि क्लिपिंगच्या पद्धतींपाशी थांबते आणि पाथ ट्रेसरचे मोल त्यांना आपणच समजावून सांगावे लागते.

मुलाखतीत बहुधा उमेदवाराच्याच एखाद्या चित्राकडे बोट दाखवून हा डाग का आला, असे विचारतात. तिथे काजियांचे समीकरण कागदावर मांडून त्यातले कोणते पद कुठे चुकले हे सांगता आले पाहिजे. याचा सराव आधी मित्रांपुढे मराठीत करावा, मग तेच इंग्रजीत, आणि प्रत्येक वेळी फळ्यावर समीकरण स्वतः लिहूनच करावा.