जुना आरसी (रिमोट कंट्रोल) ट्रक वळतो, पण पळत नाही? आधी प्लगची अदलाबदल करा

चाकं डावी-उजवीकडे वळतात, ट्रिगर दाबला की मात्र ट्रक जागचा हलत नाही. अशा वेळी लगेच नवी मोटर मागवू नका. दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधा, त्याला काहीच खर्च नाही.

१. ट्रक डब्यावर असा ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील.

२. पॉवर बंद करून रिसीव्हरमधले (ट्रकमधला, रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) दोन प्लग काढा. स्टिअरिंग सर्व्होचा (चाकं वळवणारी छोटी मोटर) प्लग चॅनल २ मध्ये, म्हणजे ट्रिगरच्या जागी, आणि ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) चॅनल १ मध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या जागी लावा. काळी किंवा तपकिरी वायर पूर्वी होती त्याच बाजूला हवी.

३. आधी रिमोट चालू करा, मग ट्रक. आता ट्रिगर दाबल्यावर सर्व्हो हलला, तर रिमोट आणि रिसीव्हर ठीक आहेत. नाही हलला, तर दोष तिथेच आहे.

४. रिमोट ठीक निघाला, तर मोटरच्या दोन्ही वायर ईएससीपासून सोडवा आणि चार पेन्सिल सेलच्या होल्डरला क्षणभर टेकवा. मोटर फिरली तर संशय ईएससीवर. बोटाने ढकलल्यावरच फिरत असेल, तर ब्रश (मोटरला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत किंवा कम्युटेटरवर (ब्रश घासतात ते मोटरचं फिरतं तांब्याचं कडं) काजळी धरली आहे. जुन्या ट्रकमध्ये हे फार आढळतं आणि बरेचदा नुसत्या साफसफाईनेही भागतं.

सावधान: चौथी पायरी फक्त दोन वायरींच्या ब्रश्ड मोटरसाठी आहे. तीन वायरींची ब्रशलेस मोटर थेट बॅटरीला कधीही जोडू नका.