डोमेनचं गिऱ्हाईक खरं की खोटं?

माझं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकत घ्यायचं म्हणून मेल आला: भाव भरघोस, घासाघीस अजिबात नाही. शंका तिथेच आली. खरं गिऱ्हाईक आधी भाव पाडून मागतं. पुढच्या मेलात अट: ‘मूल्यांकन प्रमाणपत्र’ हवं, तेही त्यांनी सुचवलेल्याच साइटचं, आणि फी मी भरायची! विकणाऱ्यानेच आधी पैसे मोजायचे, हा कुठला व्यवहार? आयकॅनच्या (डोमेन-नावांची व्यवस्था पाहणारी संस्था) लुकअपमध्ये त्या साइटची नोंदणी तारीख पाहिली, तर साइट अगदी ताजी.

मी कळवलं: प्रमाणपत्राचा खर्च तुमचा, व्यवहार एस्क्रो डॉट कॉमवर (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी त्रयस्थ साइट) करू, पैसे तिथे जमा झाले की डोमेन देतो. पुन्हा उत्तर नाही. एस्क्रोची साइटही मी मेलमधल्या लिंकवरून उघडत नाही, पत्ता स्वतः टाइप करतो. डोमेन माझ्या परवानगीशिवाय दुसरीकडे हलू नये म्हणून ट्रान्सफर लॉक लावलेलाच आहे.