फेझमध्ये निवांत लाँग वीकेंड : आखणी कशी करावी

मोरोक्कोतल्या फेझबद्दलचे बहुतेक सल्ले दोन टोकांचे असतात. एक म्हणतो, गल्ल्यांत खुशाल हरवून जा, तीच खरी मजा. दुसरा तीन दिवसांत फेझ, मेकनेस, व्होल्युबिलिस आणि शेफशावेन सगळे कोंबून देतो. हरवण्याची मजा पहिल्या अर्ध्या तासात ओसरते, आणि शेफशावेन एका बाजूला जवळजवळ चार तासांवर आहे. सोबत पन्नाशी-साठीचे आईबाबा असतील तर हे दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. फेझ चढउताराचे, गाडी न शिरणारे शहर आहे, आणि सहल निवांत होते की नाही हे त्या एका गोष्टीवर ठरते.

मुंबई-पुण्याहून चार दिवसांसाठी फेझ करण्यात अर्थ नाही, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. युरोपात राहणाऱ्यांना, किंवा युरोपच्या सहलीला जोडून जाणाऱ्यांना मात्र ते सहज जमते. पॅरिस, ब्रसेल्स, लंडन अशा शहरांतून थेट विमाने आहेत, पण सगळी रोज नसतात. त्यामुळे आधी विमानाचे वार बघा, सुट्टी नंतर टाका.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा व्हिसा लागतो, तो ऑनलाइन काढता येतो. छापील प्रत जवळ ठेवा. खरा घोळ होतो तो परतताना. मोरोक्को शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, नाही, त्यामुळे फेझला जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे. तुमच्याकडे तिथला रहिवासी परवाना असेल तर प्रश्न नाही. पण भेटीला आलेल्या आईबाबांच्या व्हिसावर ‘सिंगल एंट्री’ असेल, तर त्यांना परत आत घेणार नाहीत. तिकीट काढण्याआधी त्यांच्या पासपोर्टवरचा तो शिक्का उघडून वाचा. ड्रोन घरी ठेवा, तो विमानतळावरच काढून घेतात.

कधी जावे

मार्च ते मे, किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४०च्या आसपास जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याच्या असतात आणि जुन्या घरांचे चौक वरून उघडे असतात, म्हणून खोलीत हीटर आहे का ते आधी विचारा. रमजानमध्ये जाणार असाल तर एक लक्षात घ्या : मोरोक्को त्या महिन्यापुरते घड्याळ एक तास मागे घेते. विमानाची वेळ त्या हिशोबाने तपासा. दिवसा खाण्याच्या जागाही कमी उघड्या असतात.

वारांचाही विचार करा. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर मेदिनेतली, म्हणजे जुन्या शहरातली, बरीच दुकाने बंद राहतात. म्हणून शुक्रवार पोहोचण्याचा दिवस ठेवा. गल्ल्या शांत असतात, सामान घेऊन चालणे सोपे जाते आणि संध्याकाळी कुसकुस (वाफवलेला गव्हाचा रवा) मिळते, कारण ते शुक्रवारचेच जेवण आहे. जनान स्बील ही बाग सोमवारी बंद असते, ती रविवारी उरकून घ्या.

मुक्काम : आधी दरवाजा निवडा, मग घर

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, आणि पुढचे तीन दिवस पायांना त्याची किंमत मोजावी लागते.

रियाद म्हणजे आपल्या चौसोपी वाड्यासारखे घर : बाहेर कोरी भिंत, आत चौक, चौकाभोवती खोल्या आणि वर गच्ची. फोटोत सगळेच सुंदर दिसतात. फोटोत जे दिसत नाही ते म्हणजे गाडी जिथे थांबते तिथून दारापर्यंतचे अंतर. फेझ-एल-बाली या जुन्या भागात मोटारी शिरत नाहीत. सामान माणूस, हातगाडी किंवा खेचर वाहते. ‘मध्यवर्ती’ असे लिहिलेले रियाद बहुधा मेदिनेच्या पोटात असते, म्हणजे दगडी उतारावरून पंधरा-वीस मिनिटे चालत, आणि परतताना तोच चढ. पर्यटकाला मध्यवर्ती जागा नको असते, त्याला काठावरची जागा हवी असते.

म्हणून बुकिंगच्या आधी घरमालकाला तीन प्रश्न लिहून पाठवा. टॅक्सी नेमकी कुठे थांबते? तिथून दारापर्यंत पायी किती मिनिटे? खोलीपर्यंत पायऱ्या किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बथा चौक, आयन अझलितेन किंवा रसीफ असे ठोस नावाने आले पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर पाच मिनिटांच्या वर असेल तर दुसरे घर बघा. तिसरा प्रश्न गुडघेदुखीवाल्यांसाठी. या घरांचे जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे आणि बऱ्याचदा गुळगुळीत टाइलचे असतात, लिफ्ट नसते. तळमजल्याच्या खोलीची खिडकी चौकातच उघडते, त्यामुळे उजेड कमी आणि सकाळच्या भांड्यांचा आवाज जास्त. तरीही आईबाबांसाठी तळमजलाच घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा कौल बथाच्या बाजूला. तिथे टॅक्सी अगदी जवळ येते, बाब बुजलूद हा निळा-हिरवा दरवाजा चालत काही मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळी जेवायच्या जागा भरपूर.

पोहोचायची वेळ उजेडातली ठेवा. रात्रीचेच विमान मिळाले तर रियादकडून गाडी ठरवा आणि त्यांचा माणूस गाडी थांबते त्या जागी घ्यायला येईल असे लेखी घ्या. विमानतळ शहराबाहेर साधारण १५ किलोमीटरवर आहे, मोठी टॅक्सी करावी लागते. दार नुसत्या नकाशावर शोधायच्या भरीस पडू नका. उंच भिंतींमध्ये फोनचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, आणि त्या दोन गल्ल्या एकमेकींना मिळतीलच असे नाही. ‘दर्ब’ नावाच्या गल्ल्या पुष्कळदा शेवटी कुणाच्या तरी दारावर संपतात.

पहिल्या संध्याकाळी एवढे नक्की करा. रियादपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा, आणि प्रत्येक वळणावर थांबून *मागे वळून* फोटो काढा. परतताना तुम्हाला तीच बाजू दिसणार आहे. एखादा खिळे ठोकलेला दरवाजा, नळाची टाइल लावलेली कोनाडी, वीजमीटरची पेटी, अशा खुणा घ्या. दुकानांच्या खुणा घेऊ नका. रात्री फळ्या लागल्या की सगळी दुकाने सारखी दिसतात. फोनमध्ये घराबरोबर दरवाजाचीही पिन साठवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि रियादचे अरबीत छापलेले कार्ड खिशात ठेवा.

चालायचे ते उताराने, चढ टॅक्सीने

बाब बुजलूद वर आहे. करावियिन मशीद आणि रसीफ चौक खाली, नदीच्या पात्राकडे. वरून खाली दोन मुख्य वाटा उतरतात, तला कबीरा आणि तला स्गीरा. वाट चुकली तर पाणी जिथे वाहून जाईल तिकडे चाला, माणसांची वर्दळ वाढत जाईल आणि रसीफच्या आसपास निघाल. वर्दळ कमी होत गेली, डोक्यावर कमान आली आणि पायाखाली अंधार झाला, की मागे फिरा.

मुख्य फेरी शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास सुरू करा. बाब बुजलूद, मग तला कबीराच्या सुरुवातीलाच बू इनानिया मदरसा (बांधकाम १३५०च्या दशकातले). तिथे घाई नको. खाली टाइल, मध्ये कोरीव गिलावा, वर देवदार लाकूड, हे तीन थर नीट बघायला अर्धा तास द्या. नमाजाच्या वेळी मुस्लिमेतरांना आत घेत नाहीत, म्हणून सकाळच बरी. तिथून उतरत मसाल्यांच्या बाजाराशी अत्तारीन मदरसा, १३२३-२५चा. लगेच करावियिन. ८५९ साली फातिमा अल-फिहरीने उभारली असे मानतात, आणि जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत तिची गणना होते. मुस्लिमेतरांना आत प्रवेश नाही, दारातून अंगण दिसते तेवढे बघा आणि वाट न अडवता पुढे व्हा. तिच्या दक्षिणेला सफ्फारीन चौकात तांबटांची ठकठक चाललेली असते. समोर चहा घेत बसायला जागा आहे, तिथे बसाच.

तिथून जवळच चुआरा, कातडी कमावण्याच्या कुंडांचा परिसर, म्हणजे टॅनरी. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतराची विष्ठा, त्याने केस सुटतात आणि कातडे मऊ पडते; रंगाची कुंडे वेगळी. वास उग्र असतो, हातात पुदिन्याची जुडी देतात ती घ्या. कुंडे बघायच्या गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या आहेत. आत जातानाच सांगा की फक्त बघायचे आहे, आणि निघताना १०-२० दिरहम द्या.

मग रसीफला उतरा आणि लाल छोटी टॅक्सी पकडून बथाला परत या. मीटर लावायला सांगा. एका टॅक्सीत तीनच प्रवासी बसतात, चौघे असाल तर दोन टॅक्सी. रात्री आठनंतर भाडे दीडपट होते. आलेला चढ पुन्हा चालत चढण्याचा सल्ला ज्यांनी दिला असेल त्यांनी तो भर दुपारी स्वतः चढून बघावा. दुपारी एक ते चार गच्चीवर किंवा खोलीत पडून राहा. दिवसाचे मुख्य काम झालेले आहे.

वाट दाखवणारे आणि खेचरे

‘पुढे रस्ता बंद आहे, टॅनरी इकडून’ असे कुणी म्हणाले तर रस्ता बहुधा उघडाच असतो. ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि पाय न थांबवता पुढे चाला. थांबलात की बोलणे सुरू, आणि शेवटी पैशांवरून वाद. खरेच अडलात तर दुकानात *बसलेल्या* माणसाला विचारा. तो दुकान सोडून तुमच्यामागे येत नाही. रियादचे नाव विचारू नका, दरवाजाचे विचारा : ‘बाब बुजलूद?’ ‘रसीफ?’ हे कुणीही सांगेल. वाट दाखवायला एखादा मुलगा सोबत घ्यायचाच असेल तर निघण्याआधी २० दिरहम ठरवा.

वाटाड्या हवा असेल तर परवान्याचा बिल्ला असलेला, रियादमार्फत, अर्ध्या दिवसापुरता. त्याला सुरुवातीलाच सांगा : दुकाने नकोत. दुकानांतून कमिशन मिळते, म्हणून न सांगितल्यास अर्धी सकाळ गालिच्यांत जाते.

मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा!) ऐकू आले की भिंतीला पाठ लावून उभे राहा, पिशवी भिंतीकडे. गॅसच्या टाक्या लादलेले खेचर उतारावर पटकन थांबू शकत नाही.

शाकाहारींसाठी

‘भाज्यांची कुसकुस’ किंवा ‘भाज्यांचे ताजीन’ (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) यातून मांस काढून ठेवलेले असू शकते, रस्सा मात्र मांसाचाच. हरीरा सूपचेही तसेच. मागवताना ‘ब्ला ल्हम’ म्हणजे मांसाशिवाय हे म्हणाच, पण भरवसा रियादच्या स्वयंपाकघरावर ठेवा आणि सकाळीच सांगून ठेवा. बाहेर निर्धास्त खाण्यासारखे : बिस्सारा, म्हणजे सुक्या बाकल्याचे घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरे; झालूक, आपल्या वांग्याच्या भरताच्या जवळ जाणारे; आणि न्याहारीला म्सेमेन, म्हणजे घडीची पोळी. जेवणाबरोबरची गोल पाव ‘खोब्झ’ सगळीकडे मिळते.

रविवार आणि परतीचा दिवस

रविवारी सकाळी जनान स्बील, मग मेल्लाह हा जुना ज्यू मोहल्ला आणि राजवाड्याचे पितळी दरवाजे, तेही बाहेरूनच. दोन्ही फेझ-एल-जदीदला, १२७६मध्ये वसवलेल्या भागात, आणि वाट बरीचशी सपाट. संध्याकाळी टॅक्सीने मरिनी राजघराण्याच्या थडग्यांच्या टेकडीवर जा, टॅक्सी थांबवून ठेवा, अंधार पडल्यावर पायी उतरू नका. चौथा दिवस हाताशी असेल तरच मेकनेस : रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास.

दिरहम मोरोक्कोबाहेर सहसा बदलून मिळत नाही आणि २,००० दिरहमपेक्षा जास्त बाहेर नेता येत नाही. रुपये तिथे चालत नाहीत, युरो न्या किंवा एटीएममधून थोडे थोडे काढा. परतीच्या गाडीचे आदल्या रात्री ठरवा, टॅक्सीच्या जागेपर्यंत सामान नेणाऱ्या हातगाडीवाल्याचेही. त्याच्यासाठी सुटे ३० दिरहम वेगळे ठेवा, कारण सकाळी सहाला मेदिनेत २०० ची नोट कुणीही मोडून देणार नाही.